कप्तानाचं पान

पितृपक्षात माझ्या मैत्रिणींच्या घरी आजोबा-पणजोबा जेवायला यायचे. आमच्या घरी त्यांच्याबरोबर एक इंग्रज यायचा. मुलुंडला कारखान्याच्या भिंतीला लागून आमची बैठी चाळ होती, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. म्हाळाच्या दिवशी, म्हणजे पितरांना जेवू घालायच्या दिवशी, बाबा स्टुलावर चढून पडवीच्या पत्र्यावर केळीची पानं मांडायचे. चार पानं घरच्यांची. त्यांच्यावर वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, भोपळ्याची भाजी, गवार, खीर, असं आईनं पहाटेपासून रांधलेलं सगळं. पाचवं पान जरा बाजूला, आणि त्याच्यावर एक उकडलेला बटाटा, मिठाची चिमूट, लोणी लावलेला पाव आणि कान तुटलेल्या कपात दुधाचा चहा. कान शाबूत असलेले कप पाहुण्यांसाठी राखलेले असत आणि आईच्या मते कप्तान काही पाहुणा नव्हता. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही हा नियम सगळ्यांकडेच होता. आमच्याकडे त्याला एक शेपूट होतं: कप्तानाच्या पानाला कावळा शिवेपर्यंत बाबा घासाला हात लावत नसत.

घरच्या पितरांना बाबा मान वर करून, हात हलवून, मोठ्यानं काव काव करत बोलवायचे. कप्तानाचं पान मांडलं की मात्र त्यांची मान खाली जायची. फरशीकडे बघत ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे आणि तसेच उभे राहायचे. मी किंवा माझी मोठी बहीण शालू, कुणीतरी ओरडायचो, "बाबा, शिवला, शिवला!" मग ते वर न बघताच आत येऊन पाटावर बसायचे. आम्हाला वाटायचं, साहेबासमोर शिपायानं असंच उभं राहायचं असतं.

मला त्या पानाची भयंकर लाज वाटायची. शेजारच्या रंजनाच्या घरी, बौद्ध असल्यामुळे, हा प्रकारच नव्हता. ती आमच्या पायरीवर बसून पेरू खात सगळा सोहळा बघायची आणि दरवर्षी मला तेच विचारायची, "मेलेला इंग्रज एवढ्या लांब मुलुंडला कसा येतो गं? आणि त्याला वडे का नाही देत? नुसता बटाटा?" मी म्हणायची, त्यांना तिखट चालत नाही. हे उत्तर देताना माझे कान गरम व्हायचे. आज सांगायला मजा वाटते, पण तेव्हा म्हाळ जवळ आला की मी देवाला सांगायची, या वर्षी रंजनाला मामाकडे पाठव.

कप्तानाचं आयुष्य आम्हाला पाठ होतं. आमच्या सख्ख्या पणजोबांनी काय केलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण कप्तानाचं सगळं सांगता येईल. त्याचे वडील गावच्या देवळातले. बाबा त्यांना 'भटजी' म्हणायचे आणि आम्ही लहानपणी डोळ्यांसमोर शेंडी-धोतरातला गोरा माणूस आणायचो. घराच्या मागे सफरचंदांची झाडं. आई मुरंबा घालायची आणि बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. एक धाकटी बहीण, तिला हा अंगणात बोलिंग करायला लावायचा, आणि ती रडली की स्वतः बाद झाल्याचं मान्य करून तिच्या हातात बॅट द्यायचा. मोठा झाल्यावर तो आपल्या जिल्ह्याकडून खेळला. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात एका शाळेत मास्तरकी. डावखुरा होता. बॅट दोनदा आपटून एकदा आभाळाकडे बघायचा. मग लढाई लागली, तो हिंदुस्थानी पलटणीत अंमलदार होऊन आला आणि आमच्या मराठी पोरांना घेऊन इटलीत गेला. बाबा तेव्हा विशीचे, गावच्या पाणंदीत नारळाच्या झावळीची बॅट करून खेळलेले. पलटणीत त्यांचा हात वळताना बघून कप्तानानं त्यांना संध्याकाळी स्वतःला बोलिंग करायला बोलवायला सुरुवात केली. चेंडूवर बोटं कशी ठेवायची ते त्यानं दाखवलं. मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत तो घरच्या गोष्टी सांगायचा आणि बाबा मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीतच त्या समजून घ्यायचे. लग्न झालेलं नव्हतं. एक नदी ओलांडताना तो गेला. मागे बायको नाही, मूल नाही, मग पान वाढणार कोण, म्हणून आम्ही वाढतो. पाचव्या पानाचं हे कारण आम्हाला सांगितलेलं होतं आणि ते बरोबरच वाटायचं.

कप्तानाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या बहिणीची नातवंडं कुठेतरी असतील, त्यांना विचारल्याशिवाय कसं लिहायचं? परवा माझ्या नातवानं मोबाइलवर त्याला शोधून काढला. काही ओळी होत्या. जन्मगाव, डावखुरा फलंदाज, मोजके सामने, बऱ्यापैकी धावा, युद्धात इटलीत मृत्यू. "आजी, हा तर खरोखरचा आहे," नातू म्हणाला. मी चष्मा लावून त्या धावांकडे बराच वेळ बघत बसले. जो डाव आमच्या घरानं इतकी वर्षं जपला तो त्यांच्यात धरलेलाच नव्हता.

त्या डावाची गोष्ट म्हणजे आमच्या घराची खरी श्रीमंती. पानाची लाज वाटायची, पण या गोष्टीवर मी शाळेत मिरवायची. आघाडीच्या मागे, ऑलिव्हच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत, अंमलदार आणि शिपाई यांची मॅच लागली होती. कप्तान खेळायला आला. बाबांनी पहिलाच चेंडू मुद्दाम हळू टाकला, त्यानं तो सरळ परत मारला आणि बाबांनी पुढे झेपावून, गवताला हात घासत झेल घेतला. जिल्ह्याकडून खेळलेला इंग्रज, भोपळाही न फोडता बाद! हवालदारानं बाबांना खांद्यावर घेतलं. कप्तानानं जाता जाता त्यांची पाठ थोपटली. 'माझे आदर्श व्यक्तिमत्त्व' या निबंधात मी हा झेल लिहिला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

आमच्या वस्तीत बाबांचा दरारा होता तो या झेलापायी. कारखान्यात ते साधे टर्नर, पण रविवारी मैदानात पांढरी टोपी घालून अंपायर म्हणून उभे राहिले की दादा लोकसुद्धा गप्प. बाबांचं बोट वर गेलं म्हणजे गेलं. एकच सवय विचित्र होती. झेलाबद्दल शंका असली की बाकीचे अंपायर फिल्डरला विचारायचे, घेतलास का रे नीट? बाबा कधीच विचारायचे नाहीत. धावत पुढे जायचे, गुडघे टेकून जमीन बघायचे, दिसलं नाही तर नाबाद. कुणी तक्रार केली की म्हणायचे, "तेका कित्याक इचारू? तो कसो सांगतलो?" आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो.

त्या वर्षी शालूचं लग्न जमत आलं होतं. शालू दिसायला माझ्यापेक्षा कितीतरी उजवी, गोरी, घाऱ्या डोळ्यांची. ते डोळे आईच्या माहेरचे. तिकडे अर्धा गाव मांजरासारखा बघतो. मुलगा दहिसरचा, सुरेश, एका औषध कंपनीत कामाला, तोही कोकणातलाच. त्याला वडील नव्हते, घरात शब्द चालायचा तो त्याच्या काकांचा, सगळे त्यांना नाना म्हणायचे. बघाबघी होऊन दोन्हीकडून होकार आला, गणपतीनंतर पितृपक्ष आड येतोय म्हणून सुपारी फोडायची तेवढी थांबली होती. आईच्या अंगावरचं ओझं इतकं उतरलं होतं की ती भांडी घासताना गुणगुणायची. आणि बाबांनी आनंदाच्या भरात म्हाळाला नानांना जेवायला बोलावलं. चार बाहेरची माणसं पंगतीला लागतातच, मग होणारे सोयरे का नकोत? आई आदल्या दिवशी वाटाणे निवडता निवडता म्हणाली, "ह्या वर्साक पाचवा पान नको. नवी माणसा येतली. तेंका काय कळतला?" बाबा म्हणाले, "लपवूचा काय तेच्यात?"

नाना आले, पाय धुतले, पडवीपुढे खुर्चीवर बसले आणि त्यांची नजर पत्र्याकडे गेली.

"ते वेगळं पान कोणाचं हो? बटाटा ठेवलेलं?"

"ता कप्तानाचा," बाबा खुशीत म्हणाले. "आमचो कप्तान. इंग्रज होतो."

नाना "असं का" म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही. शालू खिरीचं पातेलं घेऊन बाहेर आली. नानांनी तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा त्या पानाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मी ते बघितलं होतं. मला वाटलं, शालू किती छान दिसतेय ते बघतायत. नानांनी खीर दोनदा घेतली आणि छान जेवून गेले.

नवरात्रात भाईमामा, आईचा भाऊ, ज्यानं स्थळ आणलं होतं, तो तोंड पाडून आला. बराच वेळ पाणी पीत बसला. शेवटी आईनंच विचारलं तेव्हा म्हणाला, "ते नको म्हणतात, ताई. म्हणतात, पान कोणाला वाढतात? घरच्या माणसाला. गोऱ्याला पान वाढतात म्हणजे गोरा घरातलाच कुणीतरी असणार. आणि मुलीचे डोळे..." पुढचं त्यानं गिळलं. शालू आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. आई जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं, आणि नंतर फार कमी बायकांच्या चेहऱ्यावर बघितलं. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला, जणू कुणी तिला रस्त्यावर उभं करून तपासत होतं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तो मेलो तेव्हा मी परकरात होतंय. ह्येंका बघूकसुद्धा नव्हतंय." कुणाला ऐकवत होती कोण जाणे. हिशेबाला इथे कुणी विचारत नव्हतं. तो कप्तान नसेल तर दुसरा कुणी गोरा, आई नसेल तर आजी. एकदा असं तोंडातून गेलं की ते कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही, आणि शालूच्या पुढच्या प्रत्येक स्थळाच्या आधी तिथे पोहोचणार हे मलासुद्धा कळत होतं.

बाबा कोपऱ्यात उभे होते. त्यांना राग येईल, ते ओरडतील असं मला वाटलं. ते फक्त एवढंच म्हणाले, "मी दहिसराक जावन येतंय."

"काय सांगतलास तेंका?" आई म्हणाली.

"खरा काय ता."

आईनं मला बरोबर पाठवलं, रागाच्या भरात बाबा काही बोलून बसले तर आवरायला. मी पंधरा वर्षांची पोर काय आवरणार होते! पण मी खुशीनं निघाले. दोन बस बदलून आम्ही गेलो आणि वाटेत मी मनातल्या मनात सगळं भाषण तयार केलं. नानांना गोष्टच माहीत नाही ना, एकदा झेलाची गोष्ट ऐकली की त्यांना कळेल आपण कुणाशी बोलतोय.

नदीच्या बाजूला त्यांची चाळ होती. नाना, सुरेश आणि सुरेशची आई, तिघंही घरी होते. आम्हाला बसायला सांगितलं, पण पाणी यायला जरा वेळ लागला. नानांनी घसा साफ केला. "हे बघा, राग मानू नका. पण हे कप्तान प्रकरण आहे तरी काय?" बाबा गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत बसले होते, म्हणून मीच सुरू झाले. मॅच, ऑलिव्हची झाडं, हळू चेंडू. हातवारे करून मी झेल घेऊन दाखवला, निबंधात लिहिला होता तसा. सुरेश पुढे सरकून ऐकत होता. "आणि कप्तान शून्यावर आउट!" मी म्हणाले.

"थांब, कुंदा," बाबा म्हणाले. "ता तसा नाय झाला."

मग त्यांनी सांगितलं. नानांकडे बघून नाही, फरशीकडे बघून, म्हाळाला उभे असत तसं. चेंडू परत आला, बाबा झेपावले, आणि हाताच्या जरा अलीकडे टप्पा पडून तो हातात आला. धुरळ्यात कुणाला दिसलं नाही. पोरांनी आरडाओरडा केला, हवालदार नाचायला लागला. अंपायर पलीकडे तोंड करून उभा होता, त्यालाही काही कळलं नव्हतं. कप्तान जागेवरून हलला नाही. त्यांच्यात रीत होती म्हणे, शंका आली तर ज्यानं झेल घेतला त्यालाच विचारायचं आणि तो सांगेल ते मानायचं.

"माझ्याकडे इलो आणि इचारल्यान, झेल बरोबर आसा? हुकूम नाय केल्यान. इचारल्यान. माका तोपर्यंत कोणी कधी काय इचारला नव्हता. शाळेत मास्तरान नाय, घरात बापाशीन नाय. सगळे हुकूमच करीत. आणि हो साहेब माझी साक्ष मागता. मी म्हटलंय, होय साहेब. तेना बॅट काखेत मारल्यान, माझी पाठ थोपटल्यान आणि गेलो. मागसून नदीवर पडलो. मी सांगूक जातंय जातंय म्हणीत होतंय, ता ऱ्हवलाच. म्हणान पान. कावळ्याक दरवर्साक ताच सांगतंय, साहेब, टप्पो पडलो होतो. दुसरा काय एक नाय. माझी बायको देवमाणूस आसा."

माझा हात अजून झेल घेतल्यासारखा पुढे होता, तो मी मागे घेतला. आणि मग नाना हसले. मन दुखवायला नव्हे. ते बिचारे सुटल्यासारखे हसले. "अहो, एवढंच? एका कॅचसाठी? गल्लीतली पोरं रोज करतात हे! मी म्हटलं काय नि काय!" सुरेशच्या आईनं पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला उठली. त्या हसण्यानं शालूचं लग्न वाचलं, हे मला कळत होतं, आणि तरी मला वाटलं की त्यांनी बाबांना हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. बाबासुद्धा हसायचा प्रयत्न करत होते. माणूस आयुष्यभर काहीतरी छातीशी धरून बसतो आणि लोक म्हणतात, एवढंच?

नानांनी चहा पिता पिता निकाल दिला. "मुलगी आम्हाला पसंतच आहे. पण ते पान आता बंद करा. आम्ही किती जणांना ही गोष्ट समजावत बसणार? तेवढा शब्द द्या." बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दिलंय शब्द."

सुरेश आम्हाला बस स्टॉपपर्यंत सोडायला आला. बाबा पुढे चालत होते. तो माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "मी पण केलंय गं असं. ऑफिसच्या मॅचमध्ये. आम्ही जिंकलो, पार्टी केली, मी विसरूनपण गेलो. तुझे बाबा म्हणजे..." मला त्या क्षणी त्याचा राग आला. आज विचार केला तर, माझ्या मेहुण्याबद्दल मला जी माया आहे ती तिथूनच सुरू झाली असावी.

बसमध्ये जागा असूनही मी बाबांच्या शेजारी बसले नाही. पुढच्या बाकावर बसले. मला निबंध आठवत होता, वर्गात वाचणाऱ्या बाई आठवत होत्या, रंजनासमोर मारलेल्या सगळ्या बढाया आठवत होत्या. बोरिवली मागे पडल्यावर बाबा मागून वाकून म्हणाले, "तुका लाज वाटता?"

"हो," मी म्हणाले.

"माका पण," ते म्हणाले.

भाईमामाच्या पोटात काही राहत नसे. त्यानं ही गोष्ट भाचीची बाजू मांडायला म्हणून जिथे तिथे सांगितली आणि ती आमच्या वस्तीत पोहोचली. पुढच्या रविवारी बाबा टोपी घालून मैदानात गेले तेव्हा लांबून कुणीतरी ओरडलं, "टप्पाऽऽ!" सगळे हसले. अंपायरची खूण समजल्यावर धावा लिहिणारा करतो तसा बाबांनी हात वर केला आणि उभे राहिले. त्या दिवशीची मॅच त्यांनी पुरी केली. नंतर मात्र बोलवायला आलेल्यांना ते गुडघे दुखतात असं सांगायला लागले. पांढरी टोपी आईनं धुऊन खुंटीला लावली, ती तिथेच पिवळी पडली. बाजारात त्यांच्याबरोबर जाताना कुणी हसलं की ते आम्हालाच हसतायत असं मला वाटायचं, आणि मी पिशवी घेऊन दोन पावलं पुढे चालायची. आई मात्र त्यांच्या बरोबरीनं चालायची. पूर्वी कधी चालत नसे.

तुळशीचं लग्न झाल्यावर शालूचं लग्न झालं. छान झालं. नाना सगळ्यांना हौसेनं वाढत होते. पुढच्या पितृपक्षापर्यंत शालूला दिवस गेले होते, डोहाळे कडक, आणि म्हाळाला ती, सुरेश आणि नाना असे तिघंही आमच्याकडे आले. बाबांनी पत्र्यावर चार पानं मांडली. पाचवी जागा रिकामी. बाबांनी त्या बाजूला बघितलंच नाही. मान वर करून हाका मारल्या, काव काव.

कावळे होते. कारखान्याच्या भिंतीवर ओळीनं बसलेले होते. एकही खाली येईना. आता मला कळतं की त्या पंधरवड्यात घरोघरच्या पत्र्यांवर वडे मांडलेले असतात, कावळ्यांची पोटं तुडुंब भरलेली असतात. तेव्हा मला तसलं काही सुचलं नाही. उन्हं वर चढली. वडे गार झाले. शालूचा चेहरा भुकेनं उतरला, पण जेव म्हटलं तर ती ऐकेना. बाबा एकेका पितराचं नाव घेत होते, काही चुकलं असेल तर माफी मागत होते, पुन्हा हाक मारत होते. सुरेशनं भिंतीवर खडा मारून कावळे उठवून पाहिले. नाना घड्याळ बघत म्हणाले, "यंदा उशीर लावतायत मंडळी." कुणीही त्या रिकाम्या जागेचं नाव घेतलं नाही, आणि प्रत्येक जण तिच्याकडे बघत होता.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात केळीचं पान होतं. पानावर उकडलेला बटाटा होता, सालं काढून, मीठ लावून, आणि लोणी लावलेला पाव. बटाटा असा उभ्या उभ्या उकडत नाही. तो तिनं पहाटेच बाकीच्या रांधण्याबरोबर उकडून झाकून ठेवलेला असणार. दुसऱ्या हातात चहाचा कप होता, कान शाबूत असलेला.

बाबा तिच्या आडवे आले. नानांकडे एकदा बघून खालच्या आवाजात म्हणाले, "नको गो. मी शब्द दिलंय."

"शब्द तुम्ही दिलास," आई म्हणाली, नानांना नीट ऐकू जाईल अशी. "मी खंय दिलंय?"

शालूनं माझा दंड धरला. ज्या बाईच्या अंगाला नानांच्या घरून चिखल लागला होता तीच पान घेऊन उभी होती. तिला काय म्हणणार? सुरेश उठला आणि त्यानं पत्र्याखाली स्टूल सरकवून धरलं. आई नऊवारी खोचून स्टुलावर चढली, उरलेल्या जागेत तिनं पान ठेवलं, शेजारी कप ठेवला आणि रोजच्या आवाजात, शेजारणीला हाक मारावी तशी म्हणाली, "कप्तानानू, तो झेल नाय होतो. टप्पो पडलो होतो. जेवा आता."

जरा वेळ गेला. मग भिंतीवरचा एक कावळा उडाला, पत्र्यावर उतरला, तिरक्या पायांनी चालत त्या पानापाशी आला.

बाबा मान खाली घालून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

"वर बघा," आई स्टुलावरून म्हणाली. "कप्तान जेवतत."

बाबांनी मान हलवली. "माझ्यान बघवणा नाय. तू बघ गो. माका सांग."

मग आई तिथेच उभी राहून त्यांना सांगत राहिली. "बटाटो घेतल्यान. पाव फोडल्यान. आता आमच्या पानांकडे इलो. परत गेलो. चाय सांडल्यान सगळी."